दातांच्या एक्स-रेवर दिसलेला मानेतला ठिपका

प्रश्न : माझे वय ६२ आहे. काही वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे, मधुमेह नाही. खालची अक्कलदाढ वारंवार ठणकते म्हणून दंतवैद्यांनी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच फिल्मवर दाखवणारा मोठा एक्स-रे, काढायला सांगितला. दाढेबद्दल बोलून झाल्यावर त्यांनी त्याच फिल्मवर माझ्या डाव्या बाजूला, जबड्याच्या खाली, दोन-तीन पांढरे ठिपके दाखवले. "हे मानेतल्या रक्तवाहिनीत साचलेले कॅल्शियम असू शकते, एकदा फिजिशियनना दाखवा," असे ते म्हणाले. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मुलगा म्हणतो, ताबडतोब अँजिओग्राफी करून घेऊ. बहीण म्हणते, दातांच्या डॉक्टरांना मानेतले काय कळणार, सोडून दे. मला अधूनमधून चक्कर येते आणि मान आखडते, ते यामुळेच का? हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेते, त्या बंद करू का? दाढ काढणे पुढे ढकलू का? माझ्या यजमानांचा गेल्या वर्षीचा ओपीजी अगदी स्वच्छ होता. मग त्यांची काळजी नाही, असे समजायचे का?

उत्तर : सर्वांत आधी तातडीचा भाग. गेल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, अगदी पाच-दहा मिनिटांपुरते का होईना, चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, एका हातातली किंवा पायातली शक्ती अचानक जाणे किंवा तो बधिर होणे, शब्द न सुचणे, बोलताना जीभ अडखळणे, किंवा पडदा ओढावा तसे एका डोळ्याने दिसेनासे होणे, असे काही घडले होते का, हे शांतपणे आठवून पाहा. घडले असेल, तर ते आपोआप बरे झाले म्हणून समाधान मानू नका. हे उत्तर पुढे वाचण्याआधी रुग्णालयात जा. अशा तात्पुरत्या झटक्यानंतर मोठा पक्षाघात येण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते. यापुढे असे कधी झाले, तर लक्षणे ओसरण्याची वाट न पाहता निघावे, कारण मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. आपल्या पत्रात असे काहीही नाही, म्हणून पुढचे सारे विवेचन लक्षणे नसलेल्या व्यक्तीसाठी आहे, आणि त्यात घाबरून जाण्यासारखे फारच थोडे आहे.

आपल्या दंतवैद्यांनी दाढेपुरते पाहून फिल्म पाकिटात घातली नाही, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. त्यांनी "असू शकते" म्हटले, "आहे" म्हटले नाही. आणि स्वतः निदान न करता फिजिशियनकडे पाठवले. या प्रसंगी दंतवैद्याकडून जी अपेक्षा असते, ती त्यांनी पूर्ण केली आहे. बहिणीचे म्हणणे मला म्हणूनच मान्य नाही. ओपीजीवर मानेतील धमनीचे कॅल्शियम दिसू शकते, हे फ्रीडलँडर आणि लँडे या दोघांनी १९८१ साली दंतवैद्यकाच्या नियतकालिकात मांडले, आणि तेव्हापासून अनेक देशांतील दंतवैद्यांनी यावर अभ्यास केला आहे. सर्वसाधारण प्रौढांच्या ओपीजींमध्ये शंभरात साधारण दोन ते पाच जणांच्या फिल्मवर असे ठिपके आढळतात. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना विकार, झोपेत श्वास अडण्याचा विकार असलेल्यांत, किंवा कर्करोगासाठी मानेवर किरणोपचार झालेल्यांत हे प्रमाण बरेच वाढते. यांपैकी काही आपल्याला लागू असेल, विशेषतः झोपेत मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास थांबणे असे घरच्यांनी कधी सांगितले असेल, तर ते फिजिशियनना आवर्जून सांगा.

हा ठिपका नेमका तिथेच का दिसतो, हे समजून घेतले की बरीच भीती कमी होते. हृदयाकडून मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी मानेच्या दोन्ही बाजूंना असते. बोटांनी नाडी लागते ती हीच. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास, मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीवर, तिला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो आणि दुसरा मेंदूकडे व डोळ्याकडे. नदीला फाटा फुटतो तिथे एका काठाला पाणी संथ होऊन भोवरे धरते आणि गाळ बसतो, तसे या फाट्याच्या बाहेरच्या भिंतीशी रक्ताचा प्रवाह मंदावतो, उलटसुलट होतो. धमनीच्या आतल्या अस्तराला असा प्रवाह मानवत नाही. त्यात रक्तदाब जास्त असेल, एलडीएल (धमनीत थर धरणारे) कोलेस्टेरॉल वाढलेले असेल, तंबाखूचा संपर्क असेल, तर तिथेच चरबीचा थर भिंतीत शिरतो, त्याभोवती दाह होतो, पेशी मरतात, आणि बऱ्याच वर्षांनी त्या थरात कॅल्शियमचे क्षार जमतात. चरबी आणि तंतूंचा थर एक्स-रेवर दिसत नाही. क्षार जमले तरच पांढरे काहीतरी उमटते.

ओपीजीचे यंत्र डोक्याभोवती अर्धवर्तुळात फिरते आणि जबड्याच्या कमानीएवढ्याच पट्ट्यात असलेल्या वस्तू स्पष्ट टिपते. त्या पट्ट्याच्या पुढचे-मागचे सारे धूसर होते. हे तंत्र जबड्यांसाठी बनवलेले आहे. मान त्यात केवळ कडेला येते, तीही हनुवटी किती वर-खाली ठेवली, फिल्मची खालची कड कुठे संपली, यावर अवलंबून. धमनीचा फाटा फिल्मच्या चौकटीत आला, तर जबड्याच्या कोनाच्या खाली आणि मागे, साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर अंतरावर, मणक्यांच्या पुढे दिसतो. तिथे काही वेळा एकमेकांलगत गाठींसारखे ठिपके असतात, काही वेळा धमनीच्या दोन भिंती दाखवणाऱ्या दोन उभ्या तुटक रेघा असतात. नेहमीच्या छोट्या एक्स-रेवर, ज्यात दोन-तीन दातच येतात, मान येतच नाही, त्यामुळे असे निरीक्षण जवळपास नेहमी ओपीजीवरच किंवा जबड्याच्या सीटी स्कॅनवर होते.

आता यातली खरी अडचण सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या मुलाच्या घाईशी थेट संबंधित आहे. मानेच्या त्याच भागात पांढरे दिसणारे इतरही बरेच काही असते. जिभेच्या मुळाशी असलेल्या कंठिका अस्थीची मागची टोके तिथेच येतात. स्वरयंत्राच्या कूर्चेची वरची शिंगे वयाबरोबर कठीण होतात. स्वरयंत्र आणि कंठिका अस्थी यांना जोडणाऱ्या पडद्यात गव्हाच्या दाण्याएवढी एक कूर्चा असते. तिच्यात कॅल्शियम भरले की गुळगुळीत, लांबट दाणा दिसतो, आणि निरीक्षकांची सर्वांत जास्त फसगत याच दाण्यामुळे होते. पूर्वी कधी क्षय किंवा दुसरा संसर्ग होऊन गेला असेल, तर लसिकाग्रंथी कॅल्शियमने कडक झालेल्या असतात आणि ओबडधोबड गोळ्यांसारख्या दिसतात. जबड्याखालच्या लाळग्रंथीतला खडा, टॉन्सिलमधले खडे, कानामागून निघून कंठिका अस्थीकडे येणाऱ्या अस्थिबंधाचे कठीण झालेले तुकडे, हेही सारे जवळपासच असते. अनुभवी डोळा जागा, आकार आणि कडा पाहून यांतले बरेच वेगळे काढतो, पण प्रत्येक वेळी खात्री देऊ शकत नाही. म्हणूनच, आपल्या फिल्मवर जे दिसले ते धमनीतले कॅल्शियमच आहे, हे अजून ठरलेले नाही. जवळ मुख व जबड्याच्या रेडिओलॉजीतले तज्ज्ञ असतील, तर दंतवैद्य त्यांचे मत घेऊ शकतात. परंतु खरा निवाडा सोनोग्राफीनेच होतो.

आणि ते धमनीतले निघाले, तरी धमनी किती अरुंद झाली आहे हे ओपीजी सांगत नाही. पुष्कळ कॅल्शियम असलेली धमनी जवळजवळ पूर्ण मोकळी असू शकते, कारण थर भिंतीत बाहेरच्या दिशेने वाढलेला असतो. उलट, धोकादायक अरुंदपणा असलेल्या धमनीत कॅल्शियमचा मागमूसही नसू शकतो. जो थर मऊ, चरबीने भरलेला आणि पातळ आवरणाचा असतो, तो फुटण्याचा संभव अधिक, आणि तोच एक्स-रेला अदृश्य असतो. आपल्याला दिसलेला पांढरेपणा हा बहुधा जुन्या, सावकाश घडलेल्या प्रक्रियेचा अवशेष आहे. त्याचा अर्थ दुर्लक्ष करावे असा नाही. मानेच्या धमनीत हा विकार आहे, म्हणजे हृदयाच्या आणि पायांच्या धमन्यांतही तो कमी-अधिक असण्याची शक्यता आहे, आणि अशा लोकांना पुढील आयुष्यात पक्षाघाताइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हृदयविकाराचा धोका असतो. लक्ष केवळ मानेवर खिळवून ठेवणे म्हणूनच योग्य नाही.

आपल्या प्रकृतीसाठी मी सुचवीन ते असे. येत्या एक-दोन आठवड्यांत फिजिशियनना भेटा. जाताना ओपीजीची मूळ फिल्म किंवा डिजिटल प्रत आणि दंतवैद्यांची दोन ओळींची चिठ्ठी न्या. तोंडी निरोपात "जबड्यात काहीतरी दिसले" एवढेच पोहोचते आणि मग पुढच्या डॉक्टरांचा वेळ दाढेवर जातो. चिठ्ठीत कोणत्या बाजूला, कोणत्या जागी, काय दिसले हे लिहिलेले असावे. फिजिशियन दोन्ही हातांचा रक्तदाब मोजतील, मानेवर स्टेथोस्कोप ठेवून रक्तप्रवाहाचा सुसाट आवाज येतो का ते ऐकतील (तो आवाज आला नाही म्हणून धमनी मोकळी ठरत नाही), पायांच्या नाड्या पाहतील, आणि उपाशीपोटी साखर, मागील तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉलचे सर्व घटक, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि हृदयाचा आलेख सांगतील. त्यासोबत मानेच्या धमन्यांची डॉप्लर सोनोग्राफी. आपल्यासारख्या, रक्तदाबाचा त्रास असलेल्या साठीपुढच्या व्यक्तीत ही तपासणी एकदा करून घेणे मला रास्त वाटते.

डॉप्लरमध्ये सुई नाही, किरण नाहीत, औषध नाही. मानेवर जेल लावून तपासणीचा दांडा फिरवतात, आणि अर्ध्या तासात दोन्ही बाजू पाहून होतात. यात दोन गोष्टी कळतात. भिंतीतला थर प्रत्यक्ष दिसतो, तो मऊ आहे की कडक याचा अंदाज येतो. आणि रक्ताचा वेग मोजून अरुंदपणाची मात्रा ठरते, कारण वाट अरुंद झाली की रक्त तिथून वेगाने निघते. बऱ्याच केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार हृदयाच्या ठोक्याबरोबरचा सर्वाधिक वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर अरुंदपणा ५० टक्क्यांहून कमी मानतात. तो २३० च्या वर गेला, तर ७० टक्के किंवा त्याहून अधिक. अहवालात "प्लाक", म्हणजे भिंतीतला हाच थर, हा शब्द वाचून दचकू नका, साठीनंतर तो फार सामान्य आहे; डॉक्टरांना विचारा की अरुंदपणा किती टक्के आहे. कधी कधी कॅल्शियमचा थर इतका दाट असतो की त्याच्या सावलीत पलीकडचे दिसत नाही, किंवा अरुंदपणा मोठा आढळतो. तेव्हाच सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीचा विचार होतो. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून करावयाची अँजिओग्राफी ही तर त्याहून पुढची पायरी आहे, आणि तिच्यात प्रत्यक्ष पक्षाघाताचा धोका, थोडा का होईना, असतो. पहिली तपासणी म्हणून ती कोणीही सुचवू नये. आपल्या चिरंजीवांची तळमळ समजते. त्यांना आपल्यासोबत फिजिशियनकडे न्या आणि त्यांचे प्रश्न तिथे विचारू द्या.

डॉप्लरमध्ये काय निघेल? बहुतेकांच्या बाबतीत थर आढळतो आणि अरुंदपणा ५० टक्क्यांच्या आत निघतो. अशा वेळी उपचार औषधांचा आणि जीवनक्रमाचा. शस्त्रक्रियेचा प्रश्नच येत नाही.

अरुंदपणा मोठा निघाला तर काय, याची धास्ती आपल्या मनात असणार, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. मानेतील धमनी उघडून आतला थर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया पूर्वीपासून प्रचलित आहे. ज्यांना त्या बाजूच्या मेंदूचा झटका किंवा तात्पुरता झटका येऊन गेला आहे आणि धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद आहे, अशांना तिचा मोठा फायदा होतो, हे उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने १९९१ साली सिद्ध केले. आपल्याप्रमाणे लक्षणे नसलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ६० टक्के किंवा अधिक अरुंदपणा असलेल्या पण लक्षणे नसलेल्या व्यक्तींना पाच वर्षांतील धोका केवळ औषधांवर सुमारे ११ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर सुमारे ५ टक्के असल्याचे दिसले. म्हणजे शंभर जणांवर शस्त्रक्रिया केली, तर पाच वर्षांत सहा जणांचा झटका टळला. उरलेल्यांतील बहुतेकांना तो औषधांवरही आला नसता. त्या काळी औषध म्हणजे मुख्यतः अ‍ॅस्पिरिन होते. आज कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली औषधे आहेत, रक्तदाब चांगला आटोक्यात ठेवणारी औषधे आहेत, आणि केवळ औषधांवरचा धोकाही त्या काळापेक्षा बराच उतरला आहे. म्हणून लक्षणे नसताना शस्त्रक्रिया किंवा स्टेंटचा सल्ला मिळाला, तर घाई न करता दुसरे मत घ्यावे, आणि त्या सर्जनांच्या हातून अशा शस्त्रक्रियेत पक्षाघात किंवा मृत्यू किती टक्के होतो हे सरळ विचारावे. तो ३ टक्क्यांच्या आत असावा, असा सर्वमान्य दंडक आहे. हा प्रश्न विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही, आणि चांगल्या सर्जनला तो आवडतो.

याच कारणामुळे अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली पुन्हा एकदा स्पष्ट केले, की लक्षणे नसलेल्या सर्वसाधारण प्रौढांची मानेच्या धमन्यांसाठी सरसकट चाळणी करू नये. कोणी हा दाखला देऊन आपल्याला डॉप्लर अनावश्यक आहे असे सांगेल. माझ्या मते तो दाखला येथे पूर्णपणे लागू होत नाही. सरसकट सर्वांना शोधायला निघणे वेगळे आणि दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या चित्रात काहीतरी समोर आले असता त्याचा उलगडा करणे वेगळे. मात्र त्या शिफारशीतला इशारा लक्षात ठेवण्यासारखा आहे: तपासणीतून निघालेल्या टक्केवारीपेक्षा तिच्यामागोमाग होणाऱ्या अनावश्यक हस्तक्षेपांनी माणसाचे अधिक नुकसान होऊ शकते. हाच न्याय ओपीजीलाही लागू करावा. धमनी पाहण्यासाठी म्हणून कोणीही ओपीजी काढू नये. त्यातील किरणांची मात्रा अल्प असते, निसर्गातून आपल्या अंगावर काही दिवसांत येते तेवढीच. तरी उपयोग नसलेली तपासणी ती अल्प मात्राही समर्थनीय ठरवत नाही.

उपचारांपैकी रक्तदाबाला मी सर्वांत वर ठेवतो, कारण पक्षाघाताशी त्याचे नाते सर्वांत घट्ट आहे आणि आपल्याला तो आहे. "गोळी चालू आहे" म्हणजे दाब आटोक्यात आहे असे नव्हे. घरी यंत्र असेल, तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, दंडावर पट्टा बांधून मोजा आणि नोंद घेऊन जा. धमनीतला थर सिद्ध झाला, तर फिजिशियन बहुधा स्टॅटिन सुरू करतील आणि एलडीएल ७० मिलिग्रॅमच्या खाली, काही वेळा त्याहूनही खाली आणण्याचे ठरवतील. स्टॅटिनबद्दल पुष्कळ ऐकीव भीती आहे; स्नायू दुखू लागले तर सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येते, पण स्वतःहून बंद करू नका. अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून सुरू करू नका. लक्षणे नसलेल्या व्यक्तीत त्याचा लाभ आणि पोटातील किंवा मेंदूतील रक्तस्रावाचा धोका यांचे गणित माणसागणिक बदलते, आणि ते डॉक्टरांनीच मांडावे. आपण किंवा घरातले कोणी धूम्रपान करत असेल किंवा तंबाखू, मिश्री लावत असेल, तर ते सोडण्याइतके दुसरे कोणतेच औषध प्रभावी नाही. रोजचे चालणे, मीठ कमी करणे, वजन, हे आपल्याला ठाऊक असणारच.

एक गोष्ट रुग्ण नेहमी विचारतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो: हे ठिपके औषधांनी पुसले जात नाहीत. किंबहुना स्टॅटिनने थरातली चरबी कमी होऊन तो घट्ट होताना कॅल्शियम थोडे वाढलेलेही दिसते, आणि ते बिघाडाचे लक्षण नसते. दोन वर्षांनी दुसऱ्या कारणाने ओपीजी निघाला आणि ठिपका तसाच किंवा मोठा दिसला, तर उपचार फसले असे मानू नका. उपचारांचे यश रक्तदाबाच्या, एलडीएलच्या आणि साखरेच्या आकड्यांत पाहायचे असते.

आता आपले बाकीचे प्रश्न. मानेचे आखडणे या ठिपक्यामुळे नाही. धमनीतला असा थर दुखत नाही. नुसती चक्करही बहुधा या धमनीची नसते. उठताना येत असेल तर रक्तदाबाच्या गोळीने दाब खाली जातो का ते पाहावे लागेल, कूस बदलताना भोवंडत असेल तर अंतर्कर्णाची तपासणी लागेल. फिजिशियनना चक्कर केव्हा येते ते नेमके सांगा, आणि बसून व उभे राहून असा दोन वेळा रक्तदाब मोजायला सांगा. मान आखडली म्हणून जोरात मालीश करून घेणे किंवा झटका देऊन मान मोकळी करून घेणे मात्र डॉप्लर होईपर्यंत टाळा. धमनीच्या फाट्याशी दाब ओळखणारी संवेदनशील जागा असते, तिथे दाबल्याने नाडी एकदम मंदावू शकते, आणि भिंतीत थर असेल तर तो हलण्याचा धोका नको.

कॅल्शियमच्या गोळ्या आजच बंद करण्याची गरज नाही. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम जमते ते तिथल्या दाहामुळे आणि पेशींच्या बदलामुळे. आहारातले कॅल्शियम थेट तिथे जाऊन बसत नाही. गोळ्यांच्या रूपातील जादा कॅल्शियमचा हृदय-धमन्यांवर काय परिणाम होतो याबद्दल अभ्यासांत एकवाक्यता नाही, म्हणून ती कोणी, कशासाठी आणि किती मात्रेत दिली होती हे डॉक्टरांना दाखवा. आहारातून पुरेसे मिळत असेल, तर गोळी कमी करता येईल. हाडे ठिसूळ असल्याचे निदान झालेले असेल, तर तो उपचार मध्येच सोडणे हितावह नाही.

दाढ काढणे केवळ या ठिपक्यामुळे पुढे ढकलू नये. ठणकणारी, पू धरणारी अक्कलदाढ तशीच ठेवणे हेच अधिक वाईट. रक्तदाब त्या दिवशी मोजून घ्यावा, सकाळची गोळी चुकवू नये, आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी दंतवैद्यांना द्यावी, म्हणजे भूल देणाऱ्या इंजेक्शनातील अ‍ॅड्रेनॅलिनची मात्रा ते विचारपूर्वक ठरवतील. दरम्यान फिजिशियननी अ‍ॅस्पिरिन सुरू केले, तर दाढेसाठी ते परस्पर थांबवू नका. एका दाताच्या काढण्यासाठी ते सहसा थांबवावे लागत नाही. नुकताच झटका येऊन गेला असता, तर मात्र तातडीचे नसलेले दंतोपचार लांबवावे लागले असते. हिरड्यांचा जुना दाह आणि धमन्यांचा विकार एकाच माणसात पुष्कळदा सोबत आढळतात, हे खरे आहे. पण हिरड्या बऱ्या केल्याने पक्षाघात टळतो, असे सिद्ध झालेले नाही, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१२ साली हेच नमूद केले. हिरड्यांचे उपचार हिरड्यांसाठी करा. ते पुरेसे कारण आहे.

आपल्या यजमानांबद्दलचा प्रश्न मला या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या ओपीजीवर काही दिसले नाही, याचे अर्थ अनेक असू शकतात: धमनी खरोखर निरोगी असेल, थर असेल पण त्यात कॅल्शियम नसेल, फिल्मची कड मानेच्या वरच संपली असेल, किंवा ठिपका मणक्यांच्या सावलीत लपला असेल, आणि पाहणाऱ्याने त्या दृष्टीने तो कोपरा पाहिलाच नसेल, हेही शक्य आहे. ठिपका दिसला तर पुढे तपासावे, हे योग्य. पण ठिपका दिसला नाही म्हणून निर्धास्त व्हावे, याला आधार नाही. त्यासाठी त्यांना पुन्हा ओपीजी काढण्याची गरज नाही आणि, लक्षणे नसतील तर, लगेच डॉप्लरचीही नाही. आपण फिजिशियनकडे जाल त्याच दिवशी त्यांनाही सोबत न्या. त्यांचा रक्तदाब मोजून घ्या, साखर आणि कोलेस्टेरॉल करून घ्या, आणि तंबाखूबद्दल विचारले जाईल तेव्हा त्यांच्या वतीने आपण उत्तर न देता त्यांनाच बोलू द्या.